दहा रुपयांत पाच जीबी: विकतच्या वाय-फायबद्दल वाचकांचे प्रश्न

रेल्वे स्थानकापासून चहाच्या टपरीपर्यंत वाय-फायची कूपनं आता सर्रास विकली जातात. त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. विकत घेणारेही आहेत, विकू पाहणारेही आहेत आणि फुकट पळवू पाहणारा एकजणही आहे.

एका सार्वजनिक ठिकाणी १० रुपयांचं वाय-फाय कूपन घेतलं. पाटीवर '५ जीबी, २४ तास' असं लिहिलं होतं. सिनेमा लावला आणि पाऊण तासात 'डेटा संपला' असा निरोप आला. किलोभर साखर घ्यावी आणि घरी पाऊण किलो भरावी, तसं झालं. खोट काट्यात आहे की माझ्या वापरात? (एक प्रवासी, मनमाड)

बहुतेक वेळा वापरात. पण काटाही तपासून पाहू.

मार्च २०२१मध्ये रेलटेलने (रेल्वेची दूरसंचार कंपनी) स्थानकांवर पैसे भरून वापरायच्या योजना आणल्या, तेव्हा सर्वांत लहान योजना अशीच होती: १० रुपये अधिक जीएसटी, एक दिवस, ५ जीबी, वेग ३४ एमबीपीएसपर्यंत. ३४ मेगाबिट म्हणजे सेकंदाला सव्वाचार मेगाबाइट. या वेगाने अखंड डाउनलोड चालू राहिलं तर ५,००० मेगाबाइट वीस मिनिटांच्या आत संपतात. '२४ तास' ही कूपनाची मुदत आहे, तितका वेळ पुरेल अशी हमी नव्हे. गंमत म्हणजे याच स्थानकांवर रोजची पहिली ३० मिनिटं १ एमबीपीएसने फुकट मिळतात आणि त्यात पूर्ण वेगाने ओढलं तरी २२५ एमबीच्या पुढे जाताच येत नाही. वेग वाढला की डेटा त्याच पटीत लवकर संपतो, हे पाटीवर कोणी लिहीत नाही.

सिनेमा एकटा एवढं खात नाही. चांगल्या प्रतीचा व्हिडिओ तासाला दीड ते तीन जीबी घेतो. उरलेलं फोन स्वतःच खातो. वाय-फाय मिळालं की इंटरनेट फुकट आहे असं तो गृहीत धरतो आणि थोपवून ठेवलेली सगळी कामं काढतो: फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट, व्हॉट्सअ‍ॅपवरचे गटांतले व्हिडिओ. यावर एक सेटिंग आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. अँड्रॉइडमध्ये त्या नेटवर्कच्या तपशिलात जाऊन ते 'मीटर्ड' (मोजून वापरायचं) करा. आयफोनवर त्याच जागी 'लो डेटा मोड' आहे. हे कूपन घालण्यापूर्वी करायचं, नंतर नव्हे.

आता काटा. जाणारा आणि येणारा, दोन्ही डेटा मोजला जातो. बाइटपासून जीबीपर्यंत प्रत्येक टप्पा १,०००चा धरायचा की १,०२४चा, याबाबत फोन आणि विक्रेता यांचं एकमत नसतं, त्यामुळे सात टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. तेवढा फरक म्हणजे लबाडी नव्हे. गंभीर चूक सहसा उलट्या दिशेने होते. हिशोब ठेवणाऱ्या रेडियस सर्व्हरकडे येणारा मूळ आकडा ३२ बिटांचा असतो आणि तो साधारण ४.३ जीबीला पुन्हा शून्यावर येतो. किती वेळा शून्यावर आला, ते वेगळ्या खान्यात कळवायचं असतं. उपकरण ते कळवत नसेल, तर ५ जीबीचं कूपन संपतच नाही. अशी तक्रार मात्र आमच्याकडे अजून आलेली नाही.

विक्रेत्याने पैसे घेण्याआधी डेटा, मुदत आणि वेग हे तिन्ही आकडे एकाच ठिकाणी, सारख्याच टायपात सांगावेत. मोठ्या अक्षरांत '२४ तास' आणि तळाशी बारीक '५ जीबी' असं असेल, तर काटा बरोबर असूनही व्यवहार खोटाच.

एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. वाय-फाय विकायचं तर परवाना लागतो का? सामान काय घ्यावं आणि परवडेल का? (एक दुकानदार, नारायणगाव)

पीएम-वाणी या सरकारच्या सार्वजनिक वाय-फाय योजनेतून गेलात तर तुम्हाला परवाना, नोंदणी किंवा शुल्क यांपैकी काहीच लागत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी ही चौकट मंजूर केली. त्यात तुम्ही 'पीडीओ', म्हणजे सार्वजनिक डेटा कार्यालय. तुमच्या वर असतो 'पीडीओए': ग्राहकाची ओळख, कूपनं, हिशोब आणि नोंदी तो सांभाळतो आणि दूरसंचार विभागाकडे त्याची नोंदणी असते. ग्राहकाला जवळचं केंद्र दाखवणारं अ‍ॅप तिसऱ्याच कंपनीचं असू शकतं. या सगळ्यांची मध्यवर्ती नोंदवही सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था ठेवते.

इंटरनेट जोडणी कोणती घ्यायची, हा पूर्वी डोकेदुखीचा भाग होता. कंपन्या महागडी लीज्ड लाइन (एकट्या गिऱ्हाइकासाठी राखीव जोडणी) गळ्यात मारत. सप्टेंबर २०२४मध्ये कंपनीशी वेगळा व्यावसायिक करार करण्याची अट निघाली. जून २०२५मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामक) आदेश काढला: २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना पीडीओंना द्यायच्या आणि दर घरगुती दराच्या दुपटीहून जास्त लावायचा नाही. कंपनीचा माणूस काही वेगळं सांगू लागला तर हा आदेश त्याच्यापुढे ठेवा. मात्र साधी घरगुती जोडणी गुपचूप विकू नका. पुनर्विक्रीला तिच्या अटींत सहसा मनाई असते आणि जोडणी तुटली की कूपन घेतलेले ग्राहक तुमच्याच दारात उभे राहतात.

सामान थोडंच लागतं. बाहेर लावायचा, दोन्ही बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ), धूळ-पाणी रोखणाऱ्या आयपी ६५ किंवा ६७ दर्जाचा एक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायचा सिग्नल पसरवणारं उपकरण. तो पीडीओएच्या यादीतलाच घ्या, नाहीतर त्यांच्या सर्व्हरशी जुळत नाही. बाहेरच्या वापराची काळ्या आवरणाची कॅट-६ केबल घ्या. केबलमधूनच वीज पोचवणारा पीओई इंजेक्टर घ्या. त्याची मर्यादा १०० मीटर. फायबरच्या डब्यासाठी लहान १२ व्होल्टचा यूपीएस घ्या आणि इंजेक्टरही इन्व्हर्टरवर ठेवा, नाहीतर लाइट गेल्यावर एक चालू आणि एक बंद अशी गत होते. अ‍ॅक्सेस पॉइंट तीन-चार मीटर उंचीवर, पत्र्याच्या छपराच्या बाहेरच्या कडेला लावा. पत्र्याखाली लावला तर सिग्नल दुकानातच घुमतो. केबल आत येते तिथे तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून गळून जातं आणि सॉकेटपर्यंत पोचत नाही. अर्थिंगला जोडलेला सर्ज प्रोटेक्टर वगळू नका. वळिवाच्या पहिल्याच पावसात विजेने पोर्ट जळतात.

२.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. शेजारी गर्दी दिसली म्हणून मधलाच ३ किंवा ४ घेतला तर दोन्हीकडचा त्रास होतो. '५ गिगाहर्ट्झ'ही चालू असू द्या, पण फक्त त्यावर विसंबू नका. स्वस्तातल्या जुन्या फोनना तो दिसतच नाही. 'क्लायंट आयसोलेशन' चालू करा, म्हणजे एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या फोनपर्यंत पोचता येणार नाही. माणशी वेग ५ ते ८ एमबीपीएसवर बांधा. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर वीस माणसं त्यात सुखाने बसतात.

स्टँडवरचा खास बिघाड आधीच सांगून ठेवतो. सकाळी सगळं सुरळीत असतं. दुपारनंतर नव्या गिऱ्हाइकाचा फोन 'आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे' इथेच अडकतो, जुन्यांचं मात्र चालू असतं. लोक राउटरला शिव्या देतात, बंद करून चालू करतात, तासभर बरं चालतं. कारण असं: जोडलेल्या प्रत्येक फोनला नेटवर्क एक आयपी पत्ता देतं, साध्या मांडणीत असे २५० च्या आसपास पत्ते असतात आणि दिलेला पत्ता २४ तास राखून ठेवला जातो. एसटीत बसून निघून गेलेल्या, कूपन न घेता नुसता जोडला गेलेल्या फोननेही एक पत्ता अडवलेला असतो. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमधली 'लीज', म्हणजे पत्ता राखायची मुदत, ३० मिनिटांवर आणा आणि पत्त्यांची चौकट '/२२' करा. हजारावर पत्ते मिळतात. दहा मिनिटांचं काम आहे, पण इंजेक्टर बदलून, केबल बदलून लोक थकतात आणि इथे कोणी बघत नाही.

परवडण्याचं बोलू. समजा जोडणीचे दुप्पट दराने १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,६५२. वीज महिन्याला ७-८ युनिट, शंभरेक रुपये धरा. दहा रुपयांच्या कूपनातले आठ तुमच्या हाती राहिले तर बरोबरीला यायला महिन्याला २१९ कूपनं लागतात, रोज सात-आठ. यात सामानाची किंमत धरलेली नाही. ज्याच्या फोनमध्ये रोजचा दीड-दोन जीबी आधीच आहे, तो दहा रुपये का देईल? कोटा संपलेले विद्यार्थी, मोठी फाइल उतरवणारे आणि मोबाइलची रेंज कमी असलेल्या जागा, हेच खरं गिऱ्हाईक. आधी आठ दिवस पायरीवर उभं राहून रेंज तपासा. मोबाइल कंपन्यांचं ५-जी जोरात येत असेल, तर हा धंदा झेरॉक्सचं गिऱ्हाईक टिकवण्यापुरताच आहे असं समजा.

वाय-फायला जोडलं जातं, पण पैसे भरायचं पान उघडतच नाही. उघडलं तर यूपीआय चालत नाही. (एक वाचक, परभणी)

पान न उघडण्याची कारणं तीन. फोनमध्ये व्हीपीएन (सगळा डेटा दुसऱ्या सर्व्हरमधून नेणारं अ‍ॅप) चालू असतं. 'प्रायव्हेट डीएनएस' (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) या सेटिंगमध्ये एखाद्या सर्व्हरचं नाव भरलेलं असतं (ते 'ऑटोमॅटिक' करा). किंवा तुम्ही 'एचटीटीपीएस'चा पत्ता उघडत असता. नेटवर्क तुमची मागणी मध्येच अडवून स्वतःच्या पानाकडे वळवतं आणि सुरक्षित पत्त्यावर अशी मध्यस्थी चालत नाही, म्हणून ब्राउझर धोक्याचा इशारा देतो. तो इशारा धुडकावून पुढे जाऊ नका. 'एस' नसलेल्या साध्या 'एचटीटीपी'चा कोणताही पत्ता टाका, पान येतं.

यूपीआयचा पेच विक्रेत्याने निर्माण केलेला असतो. पैसे भरायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी पैसे भरलेले हवेत. पेमेंट गेटवे मोकळा ठेवला तरी यूपीआय अ‍ॅप ज्या सर्व्हरांशी बोलतं ते बंदच असतात. शिवाय फोन आपोआप उघडतो ती लॉगिनची खिडकी अपुरी असते. तिच्यातून यूपीआय अ‍ॅप उघडत नाही किंवा उघडलं की वाय-फाय सुटतं. तुम्ही पान नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडा आणि पैसे भरण्यापुरता मोबाइल डेटा वापरा. विक्रेत्याने ओटीपीनंतर पाच मिनिटांचा खुला वेळ द्यावा, एका नंबरला दिवसातून दोनदा. आणि काउंटरवर रोखीचं कूपन ठेवावं. ज्याच्याकडे डेटाच नाही, त्यालाच नेमकं विकत घेता येऊ नये, ही रचना बिनडोक आहे.

महिन्याचं कूपन घेतलं. फोन रीसेट केल्यावर 'नवीन उपकरण' म्हणून पुन्हा पैसे मागतात. (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

कूपन तुमच्या नंबरला न बांधता फोनच्या मॅक पत्त्याला (नेटवर्कला दिसणारा फोनचा ओळख क्रमांक) बांधलं असणार. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक पत्ता दाखवतो. कुणी माग काढू नये म्हणून ही सोय आहे. फोन रीसेट केला की नवा पत्ता तयार होतो. पुढच्या वेळी त्या एका नेटवर्कपुरतं 'फोनचा मॅक वापरा' असं निवडा. पैसे मात्र पुन्हा भरू नका. पावती दाखवून नोंद बदलून घ्या. पीडीओएच्या पॅनेलवरून ते होतं.

माझा दोन हजार मेगाबिटच्या बाता मारणारा भाऊ म्हणतो, पैसे भरलेल्याचा मॅक पत्ता आपल्या फोनला लावला की फुकट चालतं. सिग्नल तर माझ्या घरातच येतो, मग चोरी कशी? (एक वाचक, पिंपरी)

सिग्नल घरात येतो. कूपन दुसऱ्याच्या खिशातून गेलेलं असतं. त्याचा डेटा तुम्ही संपवता आणि दोन्ही फोन एकाच पत्त्यावर भांडत असल्यामुळे त्याचं नेट तुटत राहतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३मध्ये हे जवळपास याच शब्दांत आहे: छेडछाड करून आपल्या वापराचं शुल्क दुसऱ्याच्या खात्यावर टाकणं. अप्रामाणिकपणे केलं असेल तर कलम ६६नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि त्या माणसाच्या नावावर पडलेल्या नोंदीत तुमचे उद्योग जातात, हे त्याहून वाईट.

मालवणजवळ आमचं बारा खोल्यांचं लॉज आहे. वाय-फायचे दिवसाला शंभर रुपये लावतो. पाहुणे एका फोनवर घेतात आणि हॉटस्पॉटने चौघांना वाटतात. एक इलेक्ट्रिशियन म्हणतो, हॉटस्पॉट बंद पाडणारं सेटिंग आहे. करावं का? (एक लॉजमालक)

करू नका. तो सांगतोय ते अ‍ॅक्सेस पॉइंटमधलं 'रोग कंटेनमेंट' (इंग्रजी 'rogue', म्हणजे परक्या उपकरणांना रोखणं) असावं. त्यात तुमचं उपकरण पाहुण्याच्या हॉटस्पॉटच्या नावाने 'जोडणी तोडा' असे खोटे निरोप हवेत सोडतं. अमेरिकेत नॅशव्हिलच्या गेलॉर्ड ऑप्रीलँड हॉटेलमध्ये मॅरियटने परिषदांना आलेल्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट असेच पाडले आणि स्वतःचं वाय-फाय एका उपकरणाला २५० ते १,००० डॉलर या दराने विकलं. ऑक्टोबर २०१४मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाशी झालेल्या समझोत्यात त्यांना सहा लाख डॉलर भरावे लागले. हे सेटिंग तुमच्या पाहुण्याने घेतलेला हॉटस्पॉट आणि शेजारच्या घरातला हॉटस्पॉट यांत फरक करत नाही. स्वतःच्या सिमकार्डवर चालवणाऱ्याचंही पाडतं. आपल्याकडेही अधिकृत वापरणाऱ्याची जोडणी अडवणं कलम ४३मध्ये येतं. जॅमरचं तर नावच काढू नका. तो खासगी माणसाला ठेवताच येत नाही.

तक्रारीचं मूळ दर लावण्याच्या पद्धतीत आहे. उपकरणामागे पैसे घेतले की लोक वाटून घेणारच. खोलीमागे ठरावीक डेटा द्या आणि तो किती जण वापरतात याची पंचाईत करू नका. पैसे घ्यायचे असतील तर ते खोली आरक्षित करतानाच सांगा, 'चेक-इन'च्या खिडकीवर नव्हे. आणि सशुल्क म्हणून विकता, तर शेवटच्या खोलीतही ते पोचलं पाहिजे. चिऱ्याच्या जाड भिंती असतील तर व्हरांड्यातला एक राउटर पुरत नाही. दर तीन-चार खोल्यांना केबलने जोडलेला एक अ‍ॅक्सेस पॉइंट लागतो. परदेशी पाहुणे येत असतील तर त्यांच्या देशातल्या नंबरवर ओटीपी जातो का, हे हंगामाआधी तपासा. नाहीतर भारतीय सिम नसलेला माणूस, म्हणजे ज्याला तुमच्या वाय-फायची सर्वाधिक गरज, तोच बाहेर राहतो.

नंबर का द्यावा लागतो? आणि गिऱ्हाइकाने काही गुन्हा केला तर दुकानदार अडकतो का? (दोन वाचकांचे प्रश्न एकत्र)

जुलै २००८मध्ये अहमदाबादमधल्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी जबाबदारी घेणारा ई-मेल निघाला, तो नवी मुंबईतल्या एका घराच्या पासवर्ड नसलेल्या वाय-फायवरून. तपास आधी त्या घरापर्यंत गेला, कारण बाहेरच्या जगाला फक्त त्या जोडणीचा पत्ता दिसत होता. फेब्रुवारी २००९मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फायवर ओळख पटवणं सक्तीचं केलं. ओटीपी तिथून आला.

दुकानदाराचा बचाव नोंदीत असतो, पण नोंद योग्य हवी. मोबाइल नंबर, मॅक पत्ता, आतला आयपी, सुरू-बंद झाल्याची वेळ, आणि बाहेरचा आयपी पोर्ट क्रमांकासह (एकाच पत्त्यामागची प्रत्येक जोडणी वेगळी ओळखणारा क्रमांक). पोर्ट राहिला तर एका पत्त्यामागे बसलेल्या वीस जणांत नेमका कोण हे सांगता येत नाही आणि नोंदवही निरुपयोगी ठरते. राउटरचं घड्याळ एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय) जुळलेलं नसेल तरी तेच. पीएम-वाणीत हे पीडीओएने करायचं असतं आणि किमान वर्षभर जपायचं असतं. करार करताना पोर्टबद्दल लेखी विचारा.

याच्या पुढे काही साठवू नका. कोणी कोणत्या साइट पाहिल्या, हे दुकानदाराला माहीत असण्याचं कारण नाही. तसंच ओटीपीसाठी घेतलेल्या नंबरवर साडीच्या सेलचे मेसेज पाठवणं चूक आहे. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे: ज्या कामासाठी संमती घेतली, त्याच कामासाठी वापर. जाहिरातीचा चौकोन वेगळा ठेवा, आधीच बरोबरची खूण केलेला नको, आणि तो रिकामा ठेवला तरी वाय-फाय मिळालं पाहिजे.

पैसे भरलेल्या वाय-फायवर बँकेचे व्यवहार करावेत का? (एक ज्येष्ठ नागरिक, ठाणे)

पैसे भरल्याने ते सुरक्षित होत नाही. कूपन लागतं म्हणून हवेतला सिग्नल कुलूपबंद असतो असं नाही. नेटवर्कच्या नावापुढे कुलपाचं चिन्ह नसेल तर तो उघडाच आहे. बँकेचं अ‍ॅप मात्र स्वतःचं कुलूप घेऊन चालतं, त्यामुळे नुसतं ऐकणाऱ्याला काही मिळत नाही. धोका असतो त्याच नावाच्या दुसऱ्या, खोट्या नेटवर्कचा. ते पैसे भरायचं हुबेहूब पान दाखवतं आणि त्यावर कार्डाचा नंबर मागतं. म्हणून कूपन यूपीआयने किंवा रोखीने घ्या, कार्ड वापरू नका. लॉगिनचं पान यूपीआय पिन, एटीएम पिन किंवा अ‍ॅपची फाइल उतरवायला सांगत असेल, तर तिथेच थांबा. काम झालं की ते नेटवर्क फोनमधून 'फर्गेट' करा, म्हणजे पुढच्या वेळी त्याच नावाच्या भलत्याच नेटवर्कला फोन आपोआप जोडला जाणार नाही.